माथ्यावरचा वळसा

नेस्ताचं पत्र आलं तेव्हा एडमंडमास्तरांनी ते पायरीवर बसून पुन्हा पुन्हा वाचलं, घडी घालून मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं आणि उत्तर काही पाठवलं नाही.

पाकीट राजधानीहून, होनियाराहून आलं होतं. आत वनखात्याचा शिक्का असलेला छापील कागद होता. देशाचं नवं वनधोरण ठरतं आहे, त्यासाठी बेटाबेटांवर लोकांशी सल्लामसलत चालू आहे, तरी हूरेपा गावाने आपलं म्हणणं मांडावं, असा मजकूर. त्याच कागदाच्या पाठीवर निळ्या शाईत भाचीचं अक्षर होतं. तिने लिहिलं होतं : ‘मामा, पुढच्या बाजूचं सगळं कचेरीचं आहे. माझं विचारणं एवढंच, की आपल्या डोंगरमाथ्यावर तांबू जागा कुठे आहे ते कळवाल का? नकाशावर आली तर ती राखीव होईल. नाही आली तर मला काही करता येणार नाही. नुसती खूण पुरे.’

मास्तरांनी मिशनच्या शाळेत उभा जन्म पोरांना पत्रं लिहायला शिकवली होती. तारीख कुठे, मायना कुठे, सही कुठे. स्वतः मात्र कुणाला पत्र लिहायचं म्हटलं की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. आपलं लिहिणं कुणी वाचेल, हसेल, असं वाटायचं. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे उत्तर गेलं नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. मास्तर लाजले, एवढंच लोक म्हणाले.

पण या वेळी ती लाज नव्हती. भीती होती.

माथ्यावरची ती तांबू, म्हणजे निषिद्ध, जागा पूर्वजांची. तिचं नाव, तिची हद्द आणि तिथे उभं राहून म्हणायचे शब्द एका वेळी एकाच पुरुषाकडे असतात, आणि तो ते बहिणीच्या मुलाला देतो. मास्तरांना त्यांच्या मामाने दिले होते. नाव योग्य कानात पडलं तर जागा त्या माणसाला ओळखते. भलत्या कानात पडलं तर सांगणाऱ्याला काही होत नाही. होतं ते ऐकणाऱ्याला. सगळ्यात वाईट तेच होतं. सांगणाऱ्याला होत असतं तर मास्तरांनी केव्हाच सांगून टाकलं असतं. त्यांचं वय झालं होतं, मागे बायकामुलं नव्हती.

त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. बहिणीच्या मुलाला, क्लेमेंटला. अगदी रीतीप्रमाणे, मामाने सांगितलं तसंच. हद्दीच्या अलीकडे बसून, सुपारी फोडून, अर्धी त्याला, अर्धी स्वतः, आणि मग नाव. महिना उलटायच्या आत क्लेमेंट पेट्रोल आणायला होडी घेऊन बुआला बंदराकडे निघाला, आणि प्रवाळाच्या रांगेबाहेर होडी पालथी सापडली. क्लेमेंट सापडलाच नाही. तेव्हापासून मास्तर रोज त्या दिवसाचा एकेक शब्द मनात उलगडून पाहत. काही राहिलं का? सुपारी आधी की नाव आधी? की मामानेच काही सांगायचं बाकी ठेवलं होतं?

आता बहिणीला, रोडाला, एकच मूल उरलं होतं. नेस्ता. आणि ती विचारत होती, जागा कुठे आहे.

रोडाने एकदा कंद सोलता सोलता विषय काढला. भावाकडे न बघताच म्हणाली, “दादा, सगळ्या बेटाच्या पोरांना तू अक्षरं शिकवलीस. माझ्या पोरीला चार ओळी लिहायला तुझी शाई वाळली का?”

मास्तर म्हणाले, बघतो. आणि मग त्यांनी बघितलं नाही. पत्र शब्दकोशात राहिलं, आणि पावसाळी वाऱ्यांचे दिवस सरल्यावर नेस्ता स्वतःच आली.

ती खात्याच्या होडीतून आली, सोबत जोएल नावाचा मोजणीवाला घेऊन. जोएल दुसऱ्या बेटाचा, आडदांड, मोठ्या आवाजाचा, भला माणूस. सभा शाळेत भरली. मास्तर सगळ्यांत मागे, खिडकीपाशी बसले. फळ्यावर नकाशा टांगला होता. किनारा हिरवा, ओढ्यांच्या काठी निळे पट्टे, आणि गावामागचा सबंध डोंगरमाथा पिवळा.

पिवळं म्हणजे काय, असं गावप्रमुख बार्नबस यांनी विचारलं. नेस्ताने आडपडदा न ठेवता सांगितलं की पिवळं म्हणजे तोडीला योग्य. तिथे कुणाची वस्ती नाही, मळा नाही, कुणी हक्क सांगितलेला नाही, असं जुन्या कागदांत आहे. धोरण असंच मंजूर झालं तर लाकूड कंपनीला तिथे परवाना मागता येईल. म्हणून तर ती गावोगाव फिरत होती. जे जपायचं ते लोकांनी आधी सांगायचं होतं.

बायकांनी सांगितलं. ओढ्यातल्या कोळंब्यांचं, होड्यांच्या लाकडाचं, चटयांच्या पानांचं. नेस्ता कार्डांवर लिहून भिंतीला लावत गेली. एका म्हातारीने विचारलं की मागच्या वेळी आलेल्या साहेबांनीही अशीच कार्डं लावली होती, आमचं डुक्कर खाल्लं होतं, ती कार्डं कुठे गेली? सगळे हसले. नेस्ताही हसली आणि म्हणाली की या वेळी डुक्कर नको, भात आणि टिनातली मासळी आम्हीच आणली आहे.

मग तिने हळूच विचारलं, “माथ्यावर तांबू जागा आहे का?”

हसणं थांबलं. कुणी पायाच्या बोटांकडे बघू लागलं, कुणी छताकडे. जागा ज्याच्याकडे आहे तो माणूस तिथेच बसलेला असताना दुसऱ्याने त्याबद्दल तोंड उघडायचं नसतं. मागे वळून मास्तरांकडे बघायचंही नसतं, आणि कुणी बघितलं नाही. तरी मास्तरांना साऱ्या पाठींना डोळे फुटल्यासारखं वाटलं. आहे म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार, कुठे? आणि विचारणारी नेस्ता.

कंपनीच्या माणसांशी ज्याची ऊठबस होती तो सायरस पुढच्या बाकावरून म्हणाला, “कुणी बोलत नाही, म्हणजे नाही. लिही पोरी, तांबू जागा नाही. होय ना मास्तर?”

मास्तरांनी मान खाली घातली.

नेस्ताने कार्ड हातात घेतलं. मग म्हणाली, “मी ‘नाही’ लिहिणार नाही, सायरसकाका. ‘सांगितलं नाही’ असं लिहिते.” आणि तिने तसं लिहिलं. मग सांगितलं की उद्या सकाळी ती आणि जोएल माथ्यावरून चालत जाणार, पिवळ्या भागाच्या हद्दीची रेघ यंत्रावर घेत. रस्ता दाखवायला कुणी यावं.

माथ्यावरची जुनी वाट सरळ त्या जागेच्या पोटातून जाते. पोरगी ठाऊक नसताना तिच्यात पाय ठेवणार.

“मी येतो,” ते म्हणाले. सभेत त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. आता मात्र सगळे मागे वळले.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पहाटे त्यांनी सुपाऱ्या आणि चुन्याची डबी पिशवीत टाकली, मग काढली, मग पुन्हा टाकली. वाटेला लागताना त्यांनी दोघांना एकच सांगितलं. वर गेल्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही. शिट्टी वाजवायची, नाहीतर टाळी. जोएलने हसून मान डोलावली. सायरसही सोबत निघाला. त्याला म्हणे मास्तर म्हातारे झालेत, त्यांची काळजी वाटत होती.

चढण निसरडी होती. मास्तर पुढे, मागे नेस्ता, मग सायरस, शेवटी यंत्रांची पेटी घेतलेला जोएल. नेस्ताच्या गळ्यात मुठीएवढं एक यंत्र लोंबत होतं. ते काय करतं हे मास्तरांना नीटसं माहीत नव्हतं. दर थोड्या वेळाने ते वळून बघत. नेस्ताची टोपी दिसली की पुढे चालत. रानात चिखलाचा आणि कुजलेल्या पानांचा वास होता. जळवा पायांवर चढत होत्या. माथा जवळ आला तसे ते जास्त वेळा वळून बघू लागले. क्लेमेंटला घेऊन ते याच वाटेने आले होते.

मग तो वड दिसला. त्याच्या पारंब्यांपलीकडे हद्द सुरू होत होती, पूर्वजांचे दगड जरा पुढे. कुणा नवख्याला तिथे काहीच दिसलं नसतं. वाट समोर सरळ आणि मोकळी होती.

मास्तर डावीकडे वळले आणि घळीत उतरले.

घळीत वेताचं काटेरी जाळं होतं. नेस्ताची बाही फाटली. सायरस वरूनच म्हणाला, “मास्तर, डोळे गेले का तुमचे? एवढी सरळ वाट सोडून काट्यांत कशाला?”

मास्तर काटे बाजूला सारत उतरत राहिले. सायरस वडापाशी उभा राहिला. एक पाऊल त्याने सरळ वाटेवर टाकलं. मग त्याने समोर पाहिलं, मास्तरांच्या पाठीकडे पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं. चेहरा उतरलेला, गुपचूप तोही घळीत उतरला. त्यानंतर दिवसभर तो फारसं बोलला नाही. हे पाहून मास्तरांना बरं वाटायला हवं होतं. उलट त्यांची भीती वाढली. कंपनीच्या माणसालाही जी जागा वळायला लावते, ती उगाच नव्हती.

ते घळीतून त्या जागेला बगल देत निघाले. डाव्या हाताला उतार, उजव्या हाताला वर कुठेतरी ते दगड. मास्तर मनातल्या मनात पूर्वजांची विनवणी करत होते, आणि सोबत प्रार्थनाही म्हणत होते. दोन्हींची सरमिसळ झाली होती. पोर आहे, जाऊ द्या. तिला ठाऊक नाही, जाऊ द्या.

तेवढ्यात मागे, अगदी हद्दीच्या खाली, जोएलचा पाय घसरला. पेटी निसटून खाली गडगडली. आणि तो आपल्या त्या दणदणीत आवाजात ओरडला, “नेस्ता! नेस्ता, थांब!”

घळीने ते नाव उचललं आणि वर नेलं. मास्तर जागीच थिजले. त्यांना खरोखर वाटलं की वरून आता काहीतरी उत्तर देईल. पानांवरून पाणी ठिबकत होतं. सायरस दोन्ही हातांनी एका मुळाला धरून उभा होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते. नेस्ता मात्र वळून खाली गेली आणि पेटी घेऊन परत आली. “काही फुटलं नाही,” ती म्हणाली. मग मामांचा चेहरा पाहून गप्प झाली.

संध्याकाळी, उजेड असतानाच, ती मास्तरांच्या पायरीवर येऊन बसली. गळ्यातलं यंत्र काढून तिने त्यांच्या हातात दिलं. छोट्याशा पडद्यावर एक बारीक काळी रेघ होती.

“हे आपण चाललो ते,” ती म्हणाली.

रेघ किनाऱ्यापासून वर गेली होती, माथ्यावर सरळ धावली होती, आणि एका ठिकाणी अचानक डावीकडे फुगून, अर्धवर्तुळ काढून, पुन्हा माथ्यावर आली होती. लहान पोरालाही कळलं असतं. मधली रिकामी जागा कुणी बोट ठेवून दाखवल्यासारखी होती.

जन्मभर जपलं, तोंडाला कुलूप लावलं, आणि आज स्वतःच्या पायांनी सगळं काढून दिलं होतं. तेही तिच्या यंत्रात, तिच्या गळ्यात.

“मामा, मी विचारलं नव्हतं,” नेस्ता खालच्या आवाजात म्हणाली. “तुम्ही म्हणाल तर पुसते.”

“पूस,” ते म्हणाले. मग लगेच, “थांब.” ती वाट पाहून उठली. तिला थंडी वाजते आहे, असं म्हणाली.

सकाळी रोडाचा निरोप आला की पोरीला ताप चढला आहे.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि ओटी. परिचारिकेने नेस्ताच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासलं आणि मलेरिया असल्याचं सांगितलं. निम्म्या बेटाला आहे, घाबरू नका, औषध चालू केलं आहे. मास्तरांनी ऐकून घेतलं. डास चावल्यावर ताप यायला बरेच दिवस लागतात, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. म्हणजे तो डास होनियारातच चावला असणार. हे ते स्वतःला समजावत होते, आणि समजत होतं, पण भीती पुस्तक वाचत नाही. तिला एवढंच कळत होतं की काल हद्दीपाशी नाव पुकारलं गेलं, आणि आज पोरगी आत थरथरते आहे.

दुपारी ते आणि रोडा ओटीवर बसले. आतून नेस्ताचं कण्हणं ऐकू येत होतं. रोडाच्या हातात ओला फडका होता. बराच वेळ ती तो पिळत राहिली, पाणी संपलं तरी.

मग म्हणाली, “वळसा घालून नेलंस ना?”

“हो.”

“आणि त्या मोठ्या तोंडाच्याने हाक मारली.”

“हो.”

“मला सायरसने सांगितलं. सकाळपासून घरात पडलाय, अंगावर पांघरूण घेऊन. म्हणतो, मला काही झालं तर मास्तरांना सांगा, मी एकच पाऊल टाकलं होतं.” तिला हसू येऊ पाहत होतं, आलं नाही. “दादा, एक सांगू? आपले मामा तुला वर घेऊन गेले होते, त्या दिवशी आईने माझ्याकडे जेवण दिलं होतं तुमचं. केळीच्या पानात. मी वडापर्यंत आले. तुम्ही दोघं पाठमोरे बसला होता. हाक मारावी की नाही कळेना, म्हणून पारंब्यांमागे उभी राहिले.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. भावाने बहिणीकडे असं रोखून बघायचं नसतं, पण पाहिलं.

“मामांनी नाव सांगितलं. मी ऐकलं,” रोडा म्हणाली. आणि मग, अगदी हलक्या आवाजात, तिने ते नाव उच्चारलं.

पूर्ण नाव. एक अक्षर इकडेतिकडे नाही. मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. मामांशिवाय आणि स्वतःशिवाय दुसऱ्या तोंडून ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. क्लेमेंटला सांगितलं तेव्हा तोही ते परत म्हणाला नव्हता, तशी रीत नाही.

“इतकी वर्षं?” ते कसेबसे म्हणाले.

“इतकी वर्षं. जेवण तिथेच ठेवून पळाले. वाटलं, आज मरणार. नाही मेले. पुढच्या पावसात मरणार, वाटलं. नाही मेले. लग्न झालं, पोरं झाली. म्हटलं, विसरली वाटतं मला ती जागा.” ती थांबली. फडका तिने मांडीवर पसरला आणि त्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या करू लागली. “मग क्लेमेंट गेला. तेव्हा वाटलं, विसरली नव्हती. माझ्याऐवजी त्याला घेतलं.”

समोर समुद्र ओहोटीला लागला होता. क्लेमेंटच्या प्रार्थनासभेत ही बाई कोरड्या डोळ्यांनी बसली होती आणि गाव कुजबुजलं होतं, हे त्यांना आठवलं.

“मला वाटलं मी सांगताना चुकलो,” ते म्हणाले. “रोज तेच शोधतो. काय राहिलं ते.”

रोडाने मान वर केली. “तू?” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी ऐकलंय हे तू ओळखलं असशील. म्हणून माझ्याशी धड बोलत नाहीस.”

आत नेस्ताने पाणी मागितलं. रोडा उठून गेली. परत आली तेव्हा उभीच राहिली, दाराला टेकून.

“हे बघ. मी बाई, मी चोरून ऐकलं, आणि मी जिवंत आहे. क्लेमेंटने रीतीने ऐकलं, आणि तो गेला. आता यातून तू काय ते काढ, तू शिकलेला आहेस. मला काही काढता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की कंपनीचे बुलडोझर आले तर ते वळसा घालणार नाहीत. मग ती जागा कुणाला धरेल? ते चालवणारे तर परक्या देशाचे, त्यांना शोधत कुठे जाईल? ती इथेच शोधेल.”

मास्तरांनाही हेच वाटत होतं, फक्त त्यांनी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

औषधाने ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. ज्या सकाळी नेस्ता भिंतीला टेकून उठून बसली आणि भाजलेलं केळं खाल्लं, त्या सकाळी मास्तर दवाखान्यामागे जाऊन उभे राहिले, कुणी चेहरा पाहू नये म्हणून. पण दिलासा टिकला नाही. क्लेमेंटलाही महिना मिळालाच होता.

ती निघाली तेव्हा गाव धक्क्यावर आलं होतं. जोएल मान खाली घालून पेट्या चढवत होता. हाकेचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. नेस्ताच्या गालांची हाडं वर आली होती.

“मामा,” ती म्हणाली, “रेघ अजून आहे. पण मसुद्यात एक अट आहे. जागा ज्याच्याकडे आहे त्याच्या सहीच्या पत्राशिवाय कुठलीही तांबू जागा नकाशावर घ्यायची नाही. ही अट मीच भांडून घातली. मागे लोकांनी खोट्या जागा दाखवून शेजाऱ्याच्या जमिनी लाटल्या होत्या. आता ती मलाही लागू. नाताळच्या आत मसुदा मंत्र्यांकडे जातो. तुमचं पत्र आलं तर ठेवीन. नाही आलं तर पुसून टाकीन, कुणाला दाखवणार नाही. पण मग माथा पिवळाच राहील.”

“आणि तुला जे दिसलं ते?” मास्तरांनी विचारलं. “ते कसं पुसशील?”

तिच्या डोळ्यांत त्यांना पहिल्यांदा भीती दिसली. तापात तीही काहीबाही विचार करत पडली असणार. राजधानीत शिकलेली, यंत्रं वापरणारी, पण होती याच गावची.

होडी गेल्यावर सायरस मास्तरांच्या शेजारी येऊन उभा राहिला. पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं येणार आहेत, असं तो म्हणाला. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. “तुम्ही एकदा काय ते सांगून टाका, मास्तर. आहे म्हणा. ते मलाच पुढे होऊन वाट दाखवायला सांगतील हो.”

मास्तरांनी त्या दिवशी टेबल खिडकीशी ओढलं. कागद घेतला. तारीख घातली, मायना घातला, आणि पुढे सरकेनात. लिहिलं की खोडत, खोडलं की नवा कागद घेत. नाव लिहायचं नाही, एवढं नक्की होतं. ते कधी कागदावर आलं नव्हतं, आणि कागद कुणाच्या डोळ्यांखालून जाईल ते सांगता येत नाही. पण न लिहून भागत नव्हतं. नेस्ताला आता अर्धं ठाऊक होतं. तिच्याकडे हद्द होती, नाव नव्हतं. शब्द नव्हते. जागेला ती दिसली होती, ओळखीची झाली नव्हती. हे अर्धवट ठेवणं म्हणजे पोरीला दारात उभी करून दार न उघडणं. आणि उघडायचं, तर पुन्हा तीच सुपारी, तेच शब्द, ज्यांच्यानंतर क्लेमेंट गेला. पुढे चूक नि मागे चूक. कोणत्या भीतीच्या हाती पोरीला द्यायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

रोडा आली, दारातच बसली. चटई विणत राहिली. तिच्या हातांचा एकसारखा आवाज ऐकता ऐकता मास्तरांनी लिहिलं.

‘प्रिय नेस्ता,

तुझ्या पत्राला उशीर झाला. माथ्यावर जागा आहे, आणि ती माझ्याकडे आहे. तुझ्या यंत्रातली रेघ ठेवू नकोस, ती फार बोलते. त्याऐवजी ओढ्याच्या उगमापासून पलीकडच्या खिंडीपर्यंत सबंध माथा एका मोठ्या रेघेत घे. त्यात ती जागा कुठे आहे, हे कुणाला कळता कामा नये, कंपनीला नाही, मंत्र्यांनाही नाही. नाव कुठेही लिहू नये. त्या सबंध माथ्यावर कुऱ्हाड लागू नये, असं मी तिचा राखणदार म्हणून सहीनिशी सांगतो.

दुसरं. माझ्यामागे ही जागा तुझ्याकडे येईल. आपल्यात बाईकडे ती कधी गेलेली नाही, पण दुसरं कुणी नाही, आणि असतं तरी आता मी तुलाच दिली असती. नाताळला घरी ये. सुपारी घेऊन ये. मी जे सांगेन ते तुझी आईही शेजारी बसून ऐकेल, आणि माझं काही राहिलं तर ती सांगेल. येताना होडीने येऊ नकोस. मोठ्या जहाजाने ये. माझं एवढं ऐक.

तुझा मामा.’

त्यांनी ते रोडाला वाचून दाखवलं. ‘मोठ्या जहाजाने ये’ याच्यावर तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, “तेवढ्याखाली एक रेघ मार.” मास्तरांनी मारली.

बुआलाला ते शेजाऱ्याच्या होडीतून गेले. प्रवाळाच्या रांगेबाहेर पाणी काळं होतं तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पाकीट सदऱ्याच्या आत, छातीला, धरून ठेवलं. टपाल कचेरीत खिडकीमागे कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसलेला एक माणूस होता. त्याने उठून नमस्कार केला, पाकीट वजनावर ठेवलं, तिकिटं चिकटवली. मास्तरांनी विचारलं की एकदा टाकलं की परत मिळतं का. तो म्हणाला, थैली बंद होईपर्यंत मिळतं, मास्तर, जहाज दुपारी आहे.

मग ते बाकावर बसून राहिले. उठावं, मागून घ्यावं, पुन्हा एकदा वाचावं, एखादा शब्द चुकला असेल, असं त्यांना वाटत राहिलं. दुपारी जहाजाचा भोंगा वाजला. खिडकीमागच्या माणसाने थैलीचं तोंड दोरीने आवळलं, गाठ मारली आणि त्यांच्याकडे पाहिलं. “मास्तर, जाऊ दे ना?”

मास्तरांनी होकारार्थी मान डोलावली. थैली खांद्यावर घेऊन तो धक्क्याकडे निघाला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मास्तर दारात उभे राहिले.